टोचून बघायचा नियम

शोधनिबंधात जमलेलं तेवढंच लिहायचं असतं. न जमलेलं मग जातं कुठे? आमच्याकडे ते चहाच्या कपांत साचायचं. आमच्या प्रयोगशाळेत जमलेलं फार थोडं आणि चहा भरपूर, त्यामुळे किस्से इतके साठले की आता निवृत्तीनंतर कुणी भेटलं की एखादा आपोआप बाहेर पडतोच. मला नीट आठवतात की नाही, याची मात्र खात्री नाही. मी घराला कुलूप लावून जिन्यावरून परत येतो आणि कुलूप ओढून बघतो, अशातला माणूस आहे. तेव्हा तपशिलात चूकभूल माफ करा.

माणसं तीनच. एक मी. दुसरी भाग्यलक्ष्मी, माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि क्रिस्टल दिसला नाही की स्वतःशी पुन्हा तेलुगू. तिसरा बिरप्पा, आमचा लॅब अटेंडंट. दुधनीकडचा धनगर, घरी अजून मेंढरं.

भाग्यलक्ष्मीला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. तेवढ्यात क्रिस्टल मिळाला तर प्रबंध, नाहीतर इतक्या वर्षांचं काम कपाटात. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघेही त्याबद्दल बोलत नसू.

*

आम्ही करत होतो काय, ते आधी सांगतो. प्रत्येक पेशीला चरबीची एक पातळ भिंत असते. त्या भिंतीत काही प्रथिनं रुतून बसलेली असतात आणि बाहेरून आलेला निरोप ती आत पोचवतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. आमचा रिसेप्टर होता गोचिडाचा. मेंढ्यांवरचे गोचीड मारायचं औषध त्यालाच जाऊन चिकटतं, आणि अलीकडे ते नीट चिकटेनासं झालंय. का, ते कळायला त्याचा आकार कळायला हवा.

आकार काढायचा तर त्या प्रथिनाचा क्रिस्टल, म्हणजे स्फटिक, ट्रेमधल्या द्रावणाच्या थेंबांत उगवू द्यायचा आणि त्यावर एक्स-रे सोडायचे. पलीकडे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून गणिताने आकार मिळतो.

हे मी बिरप्पाला अर्धा तास समजावलं. त्याने मान डोलावली आणि भाग्यलक्ष्मीला विचारलं, "ताई, सर काय म्हनत हुते?"

ती म्हणाली, "बिरप्पामामा, धुक्यात एक मोर दिसत नाही. पण तोच मोर चादरीवर ओळीनं हजार वेळा विणला, तर लांबूनसुद्धा नक्षी कळते की नाही? क्रिस्टल म्हणजे चादर."

"मग आसं सांगायचं की!" बिरप्पा माझ्याकडे वळला. "मंजी आता गोचीड मरल का, सर?"

"ते आत्ताच सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"सर, तुमी कंदी 'व्हय' म्हनला हाय का हो? लग्नात तरी म्हनला हुता का?"

*

त्यानंतर आठवड्याभराने बिरप्पा सुट्टीवरून आला तो काडेपेटी घेऊन. माझ्या टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाला, "तुमाला लागत्यात म्हनून आनल्यात. ताजी हायती. आमच्याच मेंढरांची."

मी काडेपेटी उघडली.

आम्हाला खरा गोचीड मुळीच लागत नाही. त्याचं एक जनुक घ्यायचं, ते दुसऱ्याच एका किड्याच्या पेशींत घालायचं आणि त्या पेशींकडून प्रथिन बनवून घ्यायचं, अशी पद्धत आहे. पण हे त्याला सांगेपर्यंत गोचीड टेबलावरून उतरून आपापल्या वाटेला लागले होते. दुपारी विभागप्रमुख मीटिंगमध्ये सारखे पोटरी खाजवताना दिसले. मी मान खाली घालून बसलो. तेवढ्यात चहा घेऊन आलेला बिरप्पा माझ्या कानाशी वाकला.

"सर, एक सापडला बगा!"

*

आता मिठाचा किस्सा. हा सांगायला मला अजून जड जातो, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भाग्यलक्ष्मीचं दुसरं वर्ष. एका थेंबात सुरेख क्रिस्टल उगवला. कडा धारदार, आरपार स्वच्छ. मी आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी लगेच "हो" म्हणालो. पेढे वाटले. घरी फोन केला. मग आम्ही दोघं तो क्रिस्टल द्रव नायट्रोजनच्या डब्यात घालून रेल्वेने दूरच्या एक्स-रे केंद्रात घेऊन गेलो. तिथे अख्खा दिवस नंबर लागायची वाट पाहिली.

प्रथिनाचा क्रिस्टल असला की ठिपके हजारोंनी येतात, दाटीवाटीने. आमच्या पडद्यावर आले मोजके दहा-बारा, लांब लांब, मे महिन्यात भर दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर माणसं दिसावीत तसे.

तिथला ऑपरेटर भला माणूस. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "सर, मीठ आहे."

प्रथिनासाठी बनवलेल्या पाण्यातलं मीठच क्रिस्टल होऊन बसलं होतं! परतीच्या गाडीत भाग्यलक्ष्मी रिकामा डबा पायाशी घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या कामाचे पाच महिने माझ्या एका "हो"पायी गेले होते.

घरी येऊन झालेलं सांगितलं. जेवायला बसलो. आमच्या हिने ताट वाढलं आणि विचारलं, "मीठ वाढू, की आणलंय?"

*

त्या दिवसापासून मी नियम केला. यापुढे पहिला दिसलेला क्रिस्टल सुईने टोचून बघायचा. ॲक्युपंक्चरची बारीक सुई मी त्यासाठी खास आणली. मिठाचा असेल तर टणक लागतो, कट्कन तुटतो. प्रथिनाचा असेल तर ओल्या वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळतो.

दुसरं म्हणजे सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवून घेतला. दर मिनिटाला एक फोटो आपोआप. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास राहिला नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण अविश्वास त्याच्या आधीचा.

ट्रे तपासायची वेळ झाली की मला खुर्चीत बसवत नसे. भाग्यलक्ष्मी एकेक थेंब बघायची आणि मी तिच्या मागे उभा, कधी डाव्या पायावर, कधी उजव्या.

दर वेळी दारातून बिरप्पाचा आवाज यायचा, "सर, बसा की. उबं राहून काय त्ये लौकर उगवत न्हाय."

*

क्रिस्टल थेंबातून उचलायला दोऱ्याचं एक बारीक वेटोळं लागतं, केसाहून बारीक नायलॉनचं. ती वेटोळी परदेशातून यायची. मागवलेली खेप महिनोन् महिने आली नाही. भाग्यलक्ष्मी एक दिवस म्हणाली, "सर, नायनांना विचारू?"

नायना म्हणजे तिचे वडील. टॉवेलच्या मागावर सगळी हयात गेलेली. ते रविवारी पांढराशुभ्र शर्ट घालून, हातात डबा घेऊन प्रयोगशाळेत आले आणि चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, "अहो, चपला राहू द्या." ते म्हणाले, "काम चालते ती जागा आहे, सर."

मी त्यांना आमचं शेवटचं उरलेलं वेटोळं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. हे किती नाजूक काम आहे, परदेशात कशी खास यंत्रं असतात, वगैरे सांगत राहिलो. ते ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी सोबत आणलेल्या सुताच्या रिळातून एक तंतू सोडवला, दोन बोटांत फिरवला, पिनेच्या टोकावर गाठ मारली.

"असंच पाहिजे का?"

मी बघितलं. आमच्या वेटोळ्यापेक्षा गोल होतं.

तासाभरात त्यांनी चाळीस केली. मी आभार मानायला लागलो, तर संकोचून म्हणाले, "मागावर दोरा तुटला की एवढ्यात गाठ मारावी लागते, सर. नाहीतर कापडात भोक दिसते." मग मुलीकडे बघत हळूच विचारलं, "तुमचा दोरा कुठं तुटला आहे?"

भाग्यलक्ष्मीने डबा उघडला आणि म्हणाली, "नायना, आधी जेवू या."

*

उन्हाळ्यात वीज गेली. इन्व्हर्टर तासाभरात बसला. क्रिस्टलचे ट्रे वीस अंशांवर ठेवावे लागतात आणि बाहेर तर डांबर मऊ झालं होतं. मी बर्फासाठी फोनवर फोन करत होतो. बिरप्पाने कपाटातून आपलं घोंगडं काढलं आणि ट्रेच्या पेटीभोवती गुंडाळायला लागला.

"अरे, काय करतोस!" मी ओरडलोच. "घोंगडं ऊब देतं! शिजतील ते!"

"घोंगडं कुटं ऊब देतंय, सर? ऊब आपल्या अंगाची. घोंगडं निसतं भाईरचं आत येऊ देत न्हाय. थंडी आसूंदे न्हायतर ऊन."

मी उष्मागतिकी अनेक वर्षं शिकवली आहे. तरी त्या दुपारी मी पेटीत थर्मामीटर घालून दर दहा मिनिटांनी बघत होतो. चार तासांनी वीज आली तेव्हा पारा जेमतेम दीड अंश चढला होता.

भाग्यलक्ष्मीने वहीत तापमान लिहिलं. उपकरणाच्या रकान्यात तिने काय लिहिलंय ते मी वाकून बघितलं. "घोंगडं, १ नग."

*

मुदत संपायला सात महिने राहिले होते. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे मागे उभा होतो. भाग्यलक्ष्मी एका थेंबावर थांबली. मग तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि खुर्चीवरून उठली.

"सर, तुम्ही बघा."

क्रिस्टल होता. एकच. लहानसा, साखरेच्या कणाहूनही लहान, आणि थोडा ओबडधोबड. शेकडो थेंबांतला एकुलता एक.

"सर, हा असाच उचलून गोठवू या का?" ती म्हणाली. "एकच आहे."

शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं. मला मात्र तो ऑपरेटर दिसायला लागला, चष्मा पुसताना. परतीची गाडी दिसायला लागली. पुन्हा हिला एवढ्या लांब न्यायचं आणि पुन्हा मीठ निघालं तर? मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. कडेला जरासं टोचू."

"सर..."

"जरासं."

माझा हात कापतो, हे मला ठाऊक होतं. पण तिच्या हातून तिचाच क्रिस्टल बिघडला तर ती आयुष्यभर स्वतःला दोष देईल, म्हणून सुई मीच घेतली. बिरप्पा दारातून म्हणाला, "सर, बसून तरी करा की." मी उभ्यानेच वाकलो आणि टोचलं.

तो ओल्या वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळला.

म्हणजे प्रथिन होतं!

जगात कुणीही न पाहिलेला तो रिसेप्टर पहिल्यांदा क्रिस्टल होऊन आला होता, आणि तो खरा आहे हे मी त्याला मोडून सिद्ध केलं होतं. मी सुई टेबलावर ठेवली. भाग्यलक्ष्मीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, मीठ नव्हतं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

*

तीन दिवस मी गेलो नाही. त्या सकाळचे कॅमेऱ्यातले फोटोही मी कधी उघडून बघितले नाहीत. चौथ्या दिवशी आमची ही म्हणाली, "रजा घेऊन तिचे दिवस वाढणार आहेत का?" तेव्हा गेलो.

पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की सुई जागेवर नाही.

"बिरप्पा, सुई कुठे आहे?"

"कुटली सुई?"

"अरे, ती. टोचायची."

"मी न्हाय बगितली," असं म्हणून तो खिडकीतून बाहेर असं बघायला लागला, जणू बाहेर सुया उगवल्यात. भाग्यलक्ष्मीला विचारलं. ती म्हणाली, "असेल कुठेतरी, सर."

मी समजलो. दोघांनी मिळून सुई लपवली होती, माझ्यापासून. मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबरच होतं. दुसरी सुई मी आणली नाही. नियमही मनातल्या मनात रद्द केला.

तीन आठवड्यांनी भाग्यलक्ष्मीने मला ट्रेपाशी बोलावलं. मी जाऊन नेहमीच्या जागी मागे उभा राहिलो. ती म्हणाली, "पुढे या, सर." मी बघितलं. एका थेंबात सात क्रिस्टल. शेजारच्या थेंबात अकरा. त्याच्या शेजारी मोजायचं मी सोडून दिलं. चांगले टपोरे, नीटस.

"हे... कसे?"

ती थोडी लाजली. "विरजण लावलं, सर."

चमचाभर जुन्या दह्याने नवं दूध विरजतं, तसं मोडलेल्या क्रिस्टलचे कण नव्या थेंबात सोडले तर त्यांच्याभोवती नवे क्रिस्टल धरतात. ही पद्धत मीच तिला पहिल्या वर्षी शिकवली होती, आणि वेळेला मलाच आठवली नव्हती. सुईच्या टोकाला चुरा चिकटलेला होता. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात तिने सुई उचलली होती आणि एकेका ताज्या थेंबात बुडवली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"उगवले नसते तर तुम्हाला दोनदा वाईट वाटलं असतं."

बिरप्पा दारात उभा होता. "सर, सुई पायजे का आता? सापडली बगा."

*

नायनांच्या वेटोळ्यांनी तिने क्रिस्टल उचलले, एकही न सांडता. पुन्हा तीच रेल्वे, तोच डबा, तोच ऑपरेटर. पडद्यावर पहिला फोटो आला आणि मी डोळे मिटून घेतले. भाग्यलक्ष्मीने तिथूनच बिरप्पाला फोन लावला.

"मामा, ठिपके आले!"

"किती?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की मला ऐकू आलं.

"गड्ड्याच्या जत्रेला गर्दी असते ना, तेवढे!"

मग गणिताचे महिने. आकार हळूहळू धुक्यातून वर आला. औषध जिथे बसतं तो खळगा दिसला, आणि गोचिडाने तिथे काय बदल केलाय तेही. मी तिला त्या आकाराचा प्रत्येक भाग काढून पुन्हा बांधायला लावला, आपल्याला हवं तेच आपण बघत नाही ना, म्हणून. तिने एकदाही कुरकुर केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "सर, हे एवढं खरं आहे की टोचलं तरी ढासळणार नाही."

*

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

मुदत संपायच्या आत प्रबंध गेला. तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले. कडक म्हणून ख्याती. प्रबंधात मला स्पष्ट लिहायचं होतं, "पहिला क्रिस्टल मार्गदर्शकाच्या चुकीमुळे नष्ट झाला." भाग्यलक्ष्मीने ऐकलं नाही. तिने लिहिलं, "पहिला क्रिस्टल तपासणीत खर्ची पडला." एवढंच. हे वाक्य ते पकडणार, याची मला खात्री होती. आयुष्यातली दुसरी खात्री.

म्हणून मी कबुलीजबाब तयार केला होता. चूक माझी, विद्यार्थिनीचा दोष नाही, तिचा निकाल माझ्यामुळे अडू नये. सकाळी आरशासमोर म्हणून बघत होतो. आमची ही चहा घेऊन आली. "तुमची परीक्षा आहे की तिची?"

सभागृहात मी पहिल्या रांगेत. मागे नायना त्याच पांढऱ्या शर्टात, आणि चहाच्या ट्रेसह दारापाशी बिरप्पा. तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाने बोलायचं नसतं. भाग्यलक्ष्मी छान बोलली. चाळीस मिनिटं मी फक्त ते एक वाक्य यायची वाट बघत होतो.

परीक्षकांनी प्रबंधाचं पान उघडलं. त्यावर बोट ठेवलं.

"पहिला क्रिस्टल खर्ची पडला, असं तुम्ही लिहिलंय. एकुलता एक क्रिस्टल, मुदत संपत आलेली. तो खर्ची पडलाच कसा? नेमकं झालं काय?"

मी उठलो. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "सर, त्याचं असं आहे, मी..." एवढंच म्हणालो आणि आरशासमोर पाठ केलेलं सगळं विसरलो.

"एक मिनिट, सर," भाग्यलक्ष्मी म्हणाली. ते मला होतं की परीक्षकांना, मला अजून कळलेलं नाही. तिने पुढची स्लाइड लावली.

तिच्या स्लाइड्स मी चार वेळा तपासल्या होत्या. ही त्यांत नव्हती.

पडदाभर एकच फोटो. आमच्याच कॅमेऱ्यातला, त्या सकाळचा. मधोमध ढासळत असलेला क्रिस्टल, त्यात देवळाच्या कळसाएवढी दिसणारी सुई, आणि कडेला, थोडा हललेला, अंधूक, एक म्हातारा अंगठा.

वर मोठ्या अक्षरांत मथळा होता :

"पद्धत. पायरी पहिली : विरजण तयार करणे."

परीक्षकांनी फोटोतल्या अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते हसले आणि त्यांनी प्रबंध मिटला. मी अजून अर्धवट वाकलेला, खुर्चीचा हात धरून उभाच.

मागून, दारापाशी, कपबशा वाजल्या.

"सर," बिरप्पा म्हणाला, "बसा की आता."